साखरखेर्डा, बगदाद आणि पंचवीस लाखांचा मक्ता

दुसरबीडच्या बसथांब्यासमोरच्या टपरीवर आखाताचं राजकारण आठवड्यातून दोनदा तरी निकालात निघतं. सोयाबीनच्या भावावर बोलून बोलून तोंड कडू झालं की कुणीतरी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवतो आणि चर्चा सीरिया, इराक, गाझाकडे वळते. परवाही तेच झालं. एकाचा पोरगा आखातात गाडी चालवतो, त्यामुळे त्या भागाचा तज्ज्ञ तोच. त्याने बशीतला चहा संपवला आणि निर्णय दिला, "इंग्रज आन् फ्रेंचानं पट्टी ठेवून रेघा मारल्या राजेहो, नाही तं आरबाचा येकच देश असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. घरी आल्यावर मात्र वाटलं, इतक्या लवकर डोलवायला नको होती.

पट्टीची गोष्ट खोटी नाही. १९१५च्या डिसेंबरात लंडनला मार्क साइक्स नावाच्या गृहस्थाने भूमध्य समुद्राकाठच्या अक्रा बंदराच्या नावातल्या शेवटच्या अक्षरापासून किर्कूकच्या शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवून मंत्र्यांना हद्द दाखवली होती. नकाशावरच्या छापील अक्षरांना टेकवलेली हद्द! पुढच्या मे महिन्यात फ्रान्सच्या पिकोबरोबर त्याचा करार झाला. वर फ्रान्स, खाली इंग्लंड. गंमत अशी की आजच्या सीरिया-इराकच्या सीमा त्या करारातल्या नकाशाशी जुळत नाहीत. त्या त्यानंतर दहाएक वर्षं चाललेल्या लढाया, बंडं, परिषदा आणि तेलाच्या सौद्यांतून ठरल्या. तरी दोष एकट्या पट्टीवर टाकणं सोयीचं असतं, कारण मग बाकी कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. आणि हे सगळं कुठेतरी दूर वाळवंटात घडलं, आपला काय संबंध, असं म्हणायलाही मोकळीक राहते.

संबंध आहे. टपरीवरून उठून सिंदखेडराजा तालुक्यातल्याच साखरखेर्ड्याला गेलं तरी पुरे.

११ ऑक्टोबर १७२४. दिल्लीच्या तख्तावर महंमदशहा. औरंगजेबाला जाऊन सतरा वर्षं झालेली आणि तेवढ्यात तख्तावर माणसं बसवून उठवून झालेली. मीर कमरुद्दीन निजाम-उल-मुल्क बादशहाचा वजीर होता. दरबाराची दशा पाहून तो शिकारीचं निमित्त सांगून दिल्लीबाहेर पडला आणि थेट दख्खनच्या वाटेला लागला. दरबाराने उघड काही केलं नाही. हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला आतून कळवलं, निजामाला आवर, दख्खनचे सहाही सुभे तुझे. खान निघाला. दोघांची गाठ पडली ती साखरखेर्ड्याच्या शिवारात. बाजीराव पेशवेही त्या वेळी निजामाच्या बाजूने होते. चारच वर्षांनी पालखेडला त्यांनीच त्याला पाणी पाजायचं बाकी होतं. संध्याकाळपर्यंत मुबारिजखान आणि त्याचे दोन मुलगे मारले गेले होते. निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही, साखरखेर्डाच राहिलं.

यापुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात, आणि खरी मेख तिथेच आहे. निजामाने मुबारिजखानाचं मुंडकं दिल्लीला पाठवून दिलं, सोबत बादशहाचं अभिनंदन! बादशहाविरुद्ध बंड केलेल्या नोकराचं पारिपत्य झालं म्हणून. ज्याने त्या नोकराला पाठवलं, त्यालाच त्या नोकराचं मुंडकं. बादशहाने काय करावं? पुढच्याच वर्षी निजामाला दख्खनची सुभेदारी कायम करणारं फर्मान आणि 'आसफजाह' हा किताब पाठवला. निजामानेही स्वातंत्र्याची घोषणा वगैरे कधीच केली नाही. हैदराबादच्या टांकसाळीत नाणी पडत ती बादशहाच्याच नावाची, आणि ती तशी १८५७च्या धामधुमीपर्यंत पडत राहिली. फरक एकच झाला. साऱ्याचा पैसा दिल्लीला जायचा थांबला.

राज्य असं जन्माला येतं. झेंडा, गीत, घोषणा हे सगळं पुढचं. आधी एक दिवस असा उगवतो की वसुलीची थैली वर जात नाही, आणि वर बसलेल्याला ती मागायची छाती होत नाही. दरबारात कुर्निसात चालू असतात, मशिदीत खुतबा जुन्याच नावाने वाचला जातो, शिक्काही तोच. म्हणूनच साम्राज्य कोणत्या दिवशी मेलं ते सांगणं अवघड जातं. साम्राज्याचा दहावा व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागतात.

आमच्या भाषेत तर तो अजून झालेला नाही. आमची आजी जालन्याकडच्या सोयऱ्यांना 'मोगलाईतले पाहुणे' म्हणायची. जालन्यात दिलेली मुलगी 'मोगलाईत दिलेली'. दिल्लीतला शेवटचा मोगल रंगूनला कैदेत मेला १८६२ साली. आजीचा जन्म त्याच्या कितीतरी नंतरचा. पण किनगाव राजा, सिंदखेडराजा ओलांडून नाव्ह्याची शीव लागली की तिच्या लेखी मोगलाई सुरू व्हायची. तिथलं राज्य निजामाचं होतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण निजाम हा मोगलांचा सुभेदार, ही जी खूणगाठ १७२४ पूर्वी बांधली गेली, ती लोकांनी सोडलीच नाही. निजामाने स्वतःला स्वतंत्र म्हणवलं नाही, म्हणून लोकांनीही त्याला तसं म्हटलं नाही. हिशेब चुकता.

आता हीच नजर घेऊन तुर्की साम्राज्याकडे पाहा. इस्तंबूलच्या सुलतानाचा दरारा अरबस्तानावर चारशे वर्षं होता असं आपण वाचतो. पण इजिप्तचा मुहम्मद अली १८०५ला सुलतानाचा वली झाला, आणि त्याने आपल्या घराण्याचं राज्य उभं केलं ते सुलतानाचा नोकर म्हणवून घेतच. इजिप्त कागदोपत्री तुर्की साम्राज्यात राहिलं ते थेट डिसेंबर १९१४पर्यंत. तोवर तिथे इंग्रजी पलटणी येऊन बसल्याला बत्तीस वर्षं झाली होती! म्हणजे कैरोत एकाच वेळी तीन धनी: कागदावर सुलतान, गादीवर मुहम्मद अलीच्या घराण्यातला खेदीव आणि कचेरीत इंग्रज. आमच्या वऱ्हाडच्या माणसाला यात काही नवल वाटू नये. त्याने 'दुअमली' पाहिली आहे.

दुअमली हा शब्द आता जुन्या कागदांतच सापडतो. निजामाचं नाव आणि नागपूरकर भोसल्यांचा हात, असा वऱ्हाडचा कारभार अठराव्या शतकात बहुतेक ठिकाणी चाले. एकाच गावात दोन वसुलदार. चौथाई, सरदेशमुखी आणि वर फौजदारीचा वाटा धरून भोसल्यांचे साठ टक्के, निजामाचे चाळीस. सुगीच्या दिवसांत खळ्यावर एक माणूस येऊन रास मोजायचा, तो गेला की दुसरा. दोघांनाही बसायला घोंगडी टाकायची, दोघांनाही पानसुपारी द्यायची. मालक कोण, असा प्रश्न पाटलाने विचारला असेल असं वाटत नाही. विचारून रास थोडीच वाढणार होती? मधूनच मालकांची आपसांत जुंपायची. १७५७च्या डिसेंबरात सिंदखेडला मराठे आणि निजाम पुन्हा भिडले. निजामाने पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग देऊन सुटका करून घेतली. पंचवीस लाखांचा हा आकडा लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

१८०३ला असई आणि अडगावच्या लढाया इंग्रजांनी जिंकल्या, गाविलगड घेतला, आणि देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडायला लावला. तो गेला निजामाकडे, इंग्रजांचा दोस्त म्हणून. पन्नास वर्षांनी दोस्ताकडे उधारी निघाली. हैदराबादच्या बंदोबस्तासाठी म्हणून इंग्रजी अंमलदारांच्या हाताखाली जी 'कंटिंजंट' फौज ठेवली होती तिचा खर्च निजामावर, आणि तो थकलेला. २१ मे १८५३च्या तहाने डलहौसीने थकबाकीपोटी वऱ्हाड ताब्यात घेतलं. विकत नाही, जिंकून नाही, गहाण. सावकाराने कुळाचं वावर लिहून घ्यावं तसं. सालारजंग दिवाण हा गहाणाचा मुलूख सोडवून घ्यायला आयुष्यभर झटला, १८७६ला त्यासाठी विलायतेलाही जाऊन आला. सावकाराने दाद दिली नाही. कारण एव्हाना अमेरिकेतल्या यादवीने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन गेला होता, रेल्वे आली होती, खामगावची बाजारपेठ मँचेस्टरला माहीत झाली होती. असं वावर कोण सोडतं? ५ नोव्हेंबर १९०२ला लॉर्ड कर्झनने कायमचाच निकाल लावला. वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने, आणि निजामाला दरसाल पंचवीस लाख रुपये. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची.

ज्याने आपलं वावर कधी मक्त्याने दिलं आहे त्याला या कराराचं कलम समजावून सांगायची गरज नाही. मक्त्याचं वावर पुढे कुणाचं होतं तेही त्याला कळतं. आणि वावर मक्त्याने देताना त्यातल्या बैलाला कुणी विचारत नाही, हेही.

कापसाच्या जागी तेल ठेवा म्हणजे मोसुलची गोष्ट तयार होते. साइक्सच्या करारात मोसुल फ्रान्सच्या वाट्याला होतं. युद्ध संपताच इंग्रजांनी ते मागून घेतलं. तुर्कस्तानने हट्ट धरला, राष्ट्रसंघात वाद गेला, आणि जून १९२६च्या अंकारा करारात मोसुल इराकला जोडून मिटला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात किर्कूकजवळ बाबा गुरगुरला तेलाचा असा फवारा उडाला की तो आवरायला दिवस लागले. आमच्याकडचं सोनं पांढरं, त्यांच्याकडचं काळं. दोन्ही ठिकाणी धनी कोण ते जमिनीवरच्या माणसाने ठरवलं नाही.

इथे एक कबुली दिली पाहिजे. इराक जन्माला घालणाऱ्यांत आपणही होतो, आणि पुण्याच्या नावाने होतो. नोव्हेंबर १९१४ला शत्त-अल-अरबच्या मुखाशी जी पहिली इंग्रजी फौज उतरली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती, पुढे १०३ आणि ११० होत्या. कोकणातली, देशावरची पोरं बसरा घेऊन तैग्रिसच्या काठाने वर सरकत बगदादच्या दाराशी पोचली आणि तिथून मागे रेटली जाऊन कूटमध्ये अडकली. वेढा १४७ दिवसांचा. खायला शेवटी खेचरं आणि घोडी. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजारांनी शस्त्रं ठेवली. वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या कैद्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांना कबर मिळाली नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांची नोंद आहे, त्यांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा. शिपाई गेले आणि त्यांच्या मागोमाग रुपया गेला. इराकात १९३२ला दिनार येईपर्यंत आपला रुपया चालत होता. आखातातल्या शेखांच्या बाजारांत तर तो साठीच्या दशकापर्यंत चालला आणि १९५९ला त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळी नोट छापली. टपरीवरच्या तज्ज्ञाचा पोरगा आज तिकडून दिरहम पाठवतो. त्याच्या पणजोबाच्या काळात दुबईचा व्यापारी मुंबईचा रुपया मोजत होता.

तर हे युद्ध चालू असताना इंग्रजांनी अरबस्तान तीन जणांना देऊन टाकला होता. मक्केचा शरीफ हुसेन याला पत्रांतून अरबांचं राज्य कबूल केलं, तेच फ्रान्सबरोबर वाटून घेतलं, आणि नोव्हेंबर १९१७ला बाल्फोरच्या पत्राने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ केलं. एकच प्लॉट तिघांना विकणारे दलाल आपल्याकडेही आहेत, पण ते निदान परराष्ट्रमंत्री नसतात. हुसेनचा मुलगा फैजल दमास्कसला पोचला, मार्च १९२०मध्ये सीरियाचा राजा म्हणून जाहीर झाला, आणि जुलैत मैसलूनला फ्रेंचांनी त्याची फौज उधळून त्याला हाकलून दिलं. तख्त गेलं, राजा उरला. इकडे इराकात इंग्रजांविरुद्ध मोठं बंड झालेलं. तिथे तख्त होतं, राजा नव्हता. मार्च १९२१ला कैरोत बसून चर्चिल आणि मंडळींनी दोहोंची सांगड घातली. ज्या बगदादमध्ये फैजलने कधी घर केलं नव्हतं तिथे २३ ऑगस्ट १९२१ला त्याचा राज्याभिषेक झाला. इराकचं राष्ट्रगीत नव्हतं म्हणून बँडने इंग्लंडच्या राजाचं वाजवलं. लोकांचा कौल घेतला होता म्हणे, ९६ टक्के! इतका कौल आपल्याकडे दूधसंघाच्या निवडणुकीतही पडत नाही.

विचारलं नाही असंही नाही. १९१९ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी किंग आणि क्रेन या दोघांना सीरियात पाठवलं होतं. ते गावोगाव फिरले, अर्ज घेतले. लोकांनी सांगितलं, आम्हाला एक अखंड सीरिया हवा, फ्रान्सची सत्ता नको. अहवाल तयार झाला आणि तीन वर्षं कुणाच्या तरी खणात पडून राहिला. छापला तेव्हा वाटणी होऊन गेली होती. वऱ्हाडात कर्झनने असा खटाटोपही केला नाही.

आणि मग वऱ्हाडची आणि तुर्कस्तानची गाठ खरोखरच पडली. इतकी विचित्र, की कादंबरीत लिहिली तर संपादक परत पाठवील.

३ मार्च १९२४ला अंकाराच्या विधिमंडळाने खिलाफत रद्द केली. शेवटचा खलिफा अब्दुल मजीद याला कुटुंबासह रातोरात देशाबाहेर काढलं. साखरखेर्ड्याच्या लढाईला त्या साली दोनशे वर्षं होत होती. आणि त्याच ऑक्टोबरात इब्न सौदच्या लोकांनी मक्का घेऊन शरीफ हुसेनचंही राज्य उखडलं. नीसला परागंदा बसलेल्या खलिफाला महिन्याला तीनशे पौंडांचं पेन्शन सुरू केलं ते हैदराबादच्या निजामाने, म्हणजे मोगलांच्या सुभेदाराच्या वारसाने. १९३१च्या नोव्हेंबरात निजामाचा थोरला मुलगा आझमजाह आणि खलिफाची एकुलती एक मुलगी दुर्रुशेहवार यांचं नीसला लग्न झालं. पाच वर्षांनी, १९३६ला, वऱ्हाडबाबत इंग्रज आणि निजाम यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाड मध्य प्रांतातच राहणार, पंचवीस लाख चालू राहणार; पण मालकीची आठवण म्हणून निजामाच्या वारसाला किताब मिळाला, 'प्रिन्स ऑफ बेरार'. वऱ्हाडचा युवराज! आणि ऑटोमन घराण्याची लेक झाली वऱ्हाडची युवराज्ञी.

म्हणजे मेहकर तालुक्यातलं दुसरबीड (तेव्हा सिंदखेडराजा वेगळा तालुका नव्हता) कागदोपत्री अशा युवराजाच्या मुलखात होतं, ज्याचा सासरा जगाच्या मुसलमानांचा शेवटचा खलिफा. दुसरबीडच्या कास्तकाराने सारा भरला तो मेहकरच्या इंग्रजी तहसिलीत. त्या युवराजाची इथे एक गुंठाही वहिवाट नव्हती. फैजलला वहिवाट होती, पण किताबाचा पुरावा नव्हता. आझमजाहला किताब होता, वहिवाट नव्हती. दोन मेलेल्या साम्राज्यांनी सोयरीक केली आणि आहेरात आमचं नाव दिलं. यात आझमजाहचा दोष नाही, दुर्रुशेहवारचा तर मुळीच नाही; हैदराबादेत तिच्या नावाचं इस्पितळ आजही माणसं बरी करतं. दोष असला तर त्या हिशेबाचा, ज्यात प्रांत हा आहेर असू शकतो.

१९४७ला निजामाने वऱ्हाडवरचा हक्क पुन्हा सांगून पाहिला. कुणी ऐकलं नाही. पण शीव तशीच राहिली होती. नाव्ह्याच्या पलीकडे रझाकार, अलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान. १९४८च्या पावसाळ्यात मोगलाईतली माणसं बैलगाड्यांत बायकापोरं आणि दाण्याची पोती घालून रात्री शीव ओलांडून वऱ्हाडात सोयऱ्यांकडे येत. १८५३ला एका थकबाकीपोटी ओढलेली रेघ, आणि पंचाण्णव वर्षांनी तिच्या अल्याड जीव वाचत होता, पल्याड जात होता. रेघ कुणी ओढली याची चौकशी त्या रात्री कुणी केली नसेल. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात घुसल्या आणि १७ला मामला संपला. आजीचे मोगलाईतले पाहुणे परत गेले. एक गाय मात्र आमच्याकडेच राहिली, ती पुढे किती वर्षं 'मोगलीण' म्हणून ओळखली जायची.

ती शीव पुसली गेली १ नोव्हेंबर १९५६ला. त्या दिवशी जालना आणि दुसरबीड १०३ वर्षांनी एका राज्यात आले. द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्र. हे गुण्यागोविंदाने झालं असं कुणी सांगू नये. त्याआधी अकोला करार, नागपूर करार, फजल अली आयोगाची वेगळ्या विदर्भाची शिफारस, मुंबईतल्या हुतात्म्यांचं रक्त, असं बरंच काही झालं. विदर्भाची तक्रार आजही आहे, आणि अनुशेषाचे आकडे पाहता ती उगाच नाही. बेळगाव राहिलंच. पण भांडण झालं ते विधिमंडळात, वर्तमानपत्रांत, रस्त्यावर आणि मतपेटीत. एका भाषेची माणसं १९४७ला मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, हैदराबाद संस्थान आणि पोर्तुगीज गोवा अशी चौघांच्या अमलाखाली होती. त्यांतल्या तिघांमधल्या रेघा चौदा वर्षांच्या आत पुसल्या गेल्या.

अरबांनी पुसायचा प्रयत्न केला नाही का? केला. फेब्रुवारी १९५८ला इजिप्त आणि सीरिया यांनी एकच देश जाहीर केला. तो साडेतीन वर्षं टिकला, कारण तो इजिप्तचा नासर आणि दमास्कसमधल्या लष्करी मंडळींनी जुळवला होता. कैरोच्या अंमलदारांनी सीरियाला सुभ्यासारखं वागवलं आणि सप्टेंबर १९६१ला सीरियाच्या फौजेने त्यांना घरी पाठवलं. इराकात त्याच अठ्ठावन्नच्या जुलैत फैजलचा नातू राजवाड्याच्या अंगणात मारला गेला. आज अरब लीगमध्ये बावीस सदस्य आहेत. भाषा एक, झेंडे बावीस. पट्टीने मारलेली रेघ शंभर वर्षं टिकते ती पट्टीमुळे नव्हे. रेघेच्या आत ज्याचा खजिना भरतो, ज्याला फौज ठेवता येते, तो ती टिकवतो. साइक्स तर १९१९लाच पॅरिसच्या हॉटेलात साथीच्या तापाने गेला. त्याच्या पश्चात सीमेवर पहारा देणारे सगळे स्थानिक आहेत.

म्हणून टपरीवरच्या आमच्या तज्ज्ञाला एवढंच सांगायचं आहे की बाबा, रेघा इंग्रजानं मारल्या हे खरं, पण आधी दोनशे वर्षं साखरखेर्ड्याला थैली अडली होती. सुभेदाराने धन्याच्या नावाने स्वतःचं राज्य चालवावं, सावकाराने ते राज्य गहाण घ्यावं आणि गहाणाचा मुलूख किताब म्हणून पोराच्या नावावर करावा, हे सगळं आपल्या शिवारात होऊन गेलं आहे. बगदादची गोष्ट कळायला बगदादला जावं लागत नाही.

तालुक्यातल्या शाळांच्या सहली सिंदखेडराजाला जातात, जिजाऊंच्या जन्मस्थानी पोरं डोकं टेकवतात, ते योग्यच आहे. हल्ली समृद्धी महामार्ग दाखवायलाही नेतात. गुरुजी, एखादी सहल साखरखेर्ड्याला न्या. डबा खाऊन झाला की पोरांना शिवारात उभं करून सांगा की हैदराबादचं राज्य इथे सुरू झालं. आणि त्यांना घरी विचारायला सांगा की आजी मोगलाई कशाला म्हणते. आज्या अजून आहेत तोवर विचारून घ्या.